हजेरी पंख्याची

संगणक सुरू करावा आणि विंडोज यायच्या आधीच काळ्या पडद्यावर पांढरी ओळ उमटावी : ‘सीपीयू फॅन एरर’. खाली सूचना, एफ-वन दाबून सेटअपमध्ये जा. रेंडरिंग, डिझाइन किंवा स्ट्रक्चरल अ‍ॅनालिसिससाठी ज्यांनी दणकट डेस्कटॉप वर्कस्टेशन घेतलंय, त्यांना ही ओळ कधी ना कधी भेटतेच. मग लोकांचे सरळ दोन पक्ष पडतात. एक पक्ष बटण दाबून कामाला लागतो, दुसरा स्क्रू ड्रायव्हर शोधायला उठतो.

इथे एकाच घरातले दोघं या दोन पक्षांत आहेत. मामा भोसरीच्या एका कारखान्यात मेंटेनन्सला होते, आता निवृत्त. भाची पुण्यातच आर्किटेक्ट मंडळींना इमारतींची थ्री-डी चित्रं करून देते. तिचं मशीन असेंबल केलेलं. प्रोसेसरवर उंच टॉवर कूलर आणि त्याला १२० मिलिमीटरचा पंखा. रात्र-रात्र रेंडर चालू असल्याने मशीन एरवी बंद होत नाही. पुण्यात देखभालीसाठी वीज जायची ती बहुधा गुरुवारी. त्या दिवशी मशीन बंद ठेवावं लागतं, आणि थंडीत शुक्रवारी सकाळी सुरू केलं की ही ओळ. मेंटेनन्समध्ये आयुष्य काढलेला माणूस ‘उघडून बघ’ म्हणेल आणि डेडलाइनवाली ‘जाऊ दे’ म्हणेल, असं कुणालाही वाटेल. झालं नेमकं उलटं.

मामा : एफ-वन दाब, एफ-टेन दाब, मशीन सुरू. मिनिटाचं काम. त्याच्यासाठी तू कॅबिनेट उघडून बसणार?

भाची : मामा, मशीन काहीतरी सांगतंय, ते ऐकायला नको?

मामा : सांगतंय, पण खोटं. पंखा फिरतोय, माझ्या कानांनी ऐकला. विंडोज आल्यावर तुझ्याच त्या सॉफ्टवेअरमध्ये अकराशे आरपीएम दिसतात. असल्या तक्रारी आमच्याकडे रोज यायच्या. सेन्सर बोंब मारायचा आणि मोटार ठणठणीत! चार वेळा धावत जाऊन बघितलं की पाचव्या वेळी ऑपरेटर जागचा हलत नाही. खोट्या अलार्मचं खरं नुकसान ते आहे. पाचवा खरा असला तरी वाया जातो.

भाची : तुमचं हे शंभर टक्के मान्य. पण हा अलार्म खोटा आहे हे कशावरून? ‘पंखा बिघडलाय’ असं बोर्ड म्हणतच नाहीये. त्याला पंखा दिसत नाही, तुमच्यासारखा ऐकूही येत नाही. पंख्याकडून येणाऱ्या एका वायरवरचे ठोके तेवढे तो मोजतो. शाळेत बाई मान खाली घालून हजेरी घेतात ना, तसं. बाईंनी नाव पुकारलं आणि ‘हजर’ ऐकू आलं नाही की गैरहजेरी लागते. पोरगं वर्गात असेलही.

मामा : कुठली वायर?

भाची : प्रोसेसरच्या पंख्याला सहसा चार वायरी असतात. काळी ग्राउंडची. पिवळी बारा व्होल्टची. हिरवी म्हणजे ही हजेरीची, टॅकोमीटर. निळीवरून बोर्ड पंख्याला वेग सांगतो. जुन्या तीन पिनांच्या पंख्यात निळी नसते, आणि रंगही फिरतात : तिथे बारा व्होल्ट लाल वायरीला आणि हजेरी पिवळीला. पंख्याची एक फेरी झाली की हजेरीच्या वायरवर दोन ठोके पडतात. म्हणजे बाराशे आरपीएमला सेकंदाला चाळीस ठोके. बोर्ड हे ठोके मोजतो, त्यावरून वेग काढतो, आणि सुरुवातीच्या काही सेकंदांत तो ठरवलेल्या मर्यादेच्या खाली दिसला की ती ओळ टाकतो. बऱ्याच बोर्डांवर ही मर्यादा सहाशेच्या आसपास असते आणि दोनशेपर्यंत खाली आणता येते.

मामा : आणि निळीवर वेग कसा सांगतो? व्होल्टेज कमी-जास्त करून?

भाची : नाही, व्होल्टेज कायम बाराच. निळ्या वायरवर अतिशय भराभर चालू-बंद, चालू-बंद असा इशारा जातो. त्यात चालूचा वाटा जितका मोठा तितका वेग जास्त. इंटेलने या चार वायरींच्या पंख्याचे नियम लिहून ठेवलेत, त्यात या इशाऱ्याची वारंवारता २५ किलोहर्ट्झ धरलीय. माणसाला वीसच्या पुढचं ऐकू येत नाही, त्यामुळे त्याची शिट्टी आपल्या कानांवर येत नाही. आणि निळी वायर तुटली तर पंखा थांबत नाही, उलट पूर्ण वेगाने सुटतो. म्हणजे पंखा एकदम घोंघावायला लागला तर संशय निळीवर, आणि शांतपणे फिरत असूनही वेग शून्य दिसला तर हिरवीवर.

मामा : मग तुझ्याकडे हिरवी तुटली असेल. पंखा फिरतोय, म्हणजे काळी-पिवळी शाबूत. मी म्हणतो तेच झालं, सेन्सरचा दोष.

भाची : हिरवी तुटली असती तर विंडोजमध्येही शून्यच दिसलं असतं. तिथे अकराशे दिसतात असं तुम्हीच म्हणालात.

इथे मामा गप्प झाले, पण पटलं म्हणून नव्हे. त्यांचा मुद्दा वायरींचा नव्हताच.

मामा : बरं. मग माझं खरं म्हणणं ऐक. चालत्या मशीनला हात लावला की मशीन बिघडतं. तू हसू नकोस, हे मोजून सिद्ध झालेलं आहे. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिशांच्या कोस्टल कमांडकडे लिबरेटर विमानं होती. दर ५० तास उड्डाण झालं की त्यांची ठरलेली तपासणी व्हायची. वॉडिंग्टन नावाचा शास्त्रज्ञ, मूळचा जीवशास्त्रज्ञ बरं का, त्याने बिघाडांचे आकडे मांडून पाहिले. तपासणी झाल्याबरोबर बिघाड वाढायचे आणि मग हळूहळू कमी व्हायचे! म्हणजे तपासणीच बिघाड आणत होती. तपासण्यांतलं अंतर वाढवलं आणि विमानं जास्त वेळ हवेत राहायला लागली.

भाची : हे मला माहीत नव्हतं.

मामा : पुढचं ऐक. १९७८ साली युनायटेड एअरलाइन्सच्या नोलन आणि हीप या दोघांनी अमेरिकेच्या संरक्षण खात्यासाठी अहवाल लिहिला. विमानाच्या भागांपैकी वय झाल्यावर बिघडण्याची शक्यता वाढते असे भाग किती निघाले सांग? फक्त ११ टक्के. बाकी ८९ टक्क्यांना वयाचा हिशेब लागूच नव्हता. नवे बसवल्यावर लगेच बिघडायचे तेच जास्त. म्हणून सांगतो, तू कॅबिनेट उघडशील, पंखा काढशील, कूलर हलेल, खालची थर्मल पेस्ट सुटेल, रॅम अर्धवट निघेल. आज एक ओळ दिसतेय, उद्या पडदाच काळा राहील.

भाची : मामा, तो अहवाल तुमच्या बाजूने जितका आहे तितकाच माझ्याही. वयाने झिजतात ते ११ टक्के कुठले? साधे भाग, जिथे घासाघीस आहे, ज्यांचं मरण एकाच ठरलेल्या कारणाने येतं. आता माझ्या मशीनमध्ये बघा. प्रोसेसर, रॅम, एसएसडी, यांत हलतं काय? काहीच नाही. हलतात ते पंखे. म्हणजे अख्ख्या मशीनमध्ये घासून-झिजून ज्याला म्हातारपण येतं असा भाग हाच. पंखे बनवणारेसुद्धा आयुष्य सांगतात ते ‘एल-टेन’ म्हणून, म्हणजे शंभरातले दहा पंखे बंद पडेपर्यंतचे तास, ठरावीक तापमानाला. बेअरिंग झिजणारच, हे धरूनच तो आकडा काढलेला असतो.

मामा : हं. पण म्हणून प्रोसेसर जळणार आहे का? आता जळत नाही.

भाची : ते खरंय. २००१ मध्ये टॉम्स हार्डवेअरवाल्यांनी चालू मशीनच्या प्रोसेसरवरून कूलरच उचलून दाखवला होता. एएमडीच्या अ‍ॅथलॉनमधून धूर निघाला. इंटेलचा पेंटियम फोर मात्र नुसता मंदावला, त्यावर चाललेला गेम रखडत का होईना चालू राहिला. कूलर परत ठेवल्यावर पहिल्यासारखा पळायला लागला.

मामा : झालं तर मग! पंखा उद्या पूर्ण बंद पडला तरी तुझा प्रोसेसर सुखरूप.

भाची : प्रोसेसर सुखरूप, काम नाही. आता सगळेच प्रोसेसर स्वतःला जपतात. शंभर अंशांच्या आसपास पोचले की आपणच वेग उतरवतात, तरीही तापले तर सरळ बंद होतात. पण वेग उतरवला हे आपल्याला कुणी सांगत नाही. पडद्यावर काही येत नाही. सकाळी संपायचं रेंडर दुपारपर्यंत रेंगाळतं आणि आपण सॉफ्टवेअरला शिव्या घालतो. दुसरं असं की टॉवर कूलरचा पंखा एकट्या प्रोसेसरला हवा देत नाही. शेजारी बोर्डावर प्रोसेसरला वीज पुरवणारा विभाग असतो, त्यालाही त्या वाऱ्याचा झोत मिळतो. तिथले भाग प्रोसेसरइतके सावध नसतात. आणि साध्या इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरचा ठोकताळा तुम्हाला माहीत आहे.

मामा : दर दहा अंश वाढले की आयुष्य निम्मं.

भाची : मग? ज्याला मशीन दिवसाचे दोनच तास चालवायचंय त्याने ही काळजी सोडून द्यावी. माझं मशीन आठवडा-आठवडा पूर्ण भारावर असतं.

मामा : ठीक आहे. धरून चालू की पंखा म्हातारा झालाय. मग शुक्रवारीच का? सोमवारी का नाही? एफ-टेन दाबल्यावर लगेच ओळ कशी जाते? म्हातारपण असं ये-जा करत नाही.

हा प्रश्न मामांनी अडवण्यासाठी विचारला, पण सगळ्या भांडणातला कामाचा प्रश्न हाच होता. पंखा बिघडलाय की नाही, यापेक्षा तो कोणत्या वेळी, किती वेळ बंद राहिल्यावर आणि कशानंतर गप्प राहतो, हे आधी बघायला हवं.

भाची : मलाही तेच कोडं होतं. म्हणून मागच्या शुक्रवारी एफ-वन दाबल्यावर मी एफ-टेनची घाई केली नाही. सेटअपमध्येच मॉनिटरचं पान असतं, तिथे पंख्याचा वेग दिसतो. ते उघडून बसले. आधी एन/ए. मग एकदम चारशेच्या घरात आकडा. मग सातशे. मग नऊशेवर जाऊन स्थिरावला. म्हणजे पोरगं गैरहजर नाही, उशिरा येतंय. हजेरी झाल्यावर.

मामा : आणि एफ-टेन?

भाची : एफ-टेनने सेटिंग साठवलं जातं आणि मशीन पुन्हा सुरू होतं. पण तेवढ्या वेळात पंखा थांबतच नाही, फिरता राहतो. दुसऱ्यांदा हजेरी घेतली जाते तेव्हा तो आधीच जागेवर असतो. ओळ गेली म्हणजे दोष गेला असं आपल्याला वाटतं. दोष तिथेच असतो, फक्त पुढच्या गार सुरुवातीपर्यंत गप्प.

मामा : म्हणजे थंडीने बेअरिंगमधलं तेल आळलंय.

भाची : असा माझा अंदाज. पण तुम्ही म्हणाल, अंदाजावर पंखा बदलायचा का? मग पटतील अशा सगळ्या शक्यता आधी मांडू. पोरगं खरंच गैरहजर : पंखा मेलाय किंवा कूलरजवळची एखादी वायर पात्यांत अडकलीय. पोरगं हजर, पण दुसऱ्याच वर्गात बसलंय : पंखा सीपीयूच्या कनेक्टरऐवजी कॅबिनेटच्या पंख्याच्या कनेक्टरला लावलाय. पोरगं हजर, पण आवाज बारीक : मुळातच संथ फिरणारा शांत पंखा, चारशे आरपीएमला समाधानी, आणि बोर्डाची अट सहाशेची. तिथे पंखा निर्दोष आणि अट चूक.

मामा : आणि दुसऱ्याची हजेरी लावणारे?

भाची : तेही असतात! दोन पंखे एकाच कनेक्टरला जोडायची दुतोंडी वायर मिळते. चांगल्या वायरीत दोघांपैकी एकाचीच हजेरी बोर्डापर्यंत जाते. त्यामुळे दुसरा पंखा मेला तरी बोर्डाला पत्ता नाही. वॉटर कूलिंगवाल्यांचं आणखी निराळं. त्यांचे पंखे कधीकधी पंपाला जोडलेले असतात आणि बोर्डावरचा सीपीयूचा कनेक्टर रिकामा राहतो. सगळं नवं कोरं असूनही पहिल्याच दिवशी ही ओळ. पंपाची हजेरीची वायर तिथे लावली की मिटलं.

मामा : कंपनीची तयार वर्कस्टेशनं असतात त्यांना पण हेच सगळं लागू?

भाची : थोडं कडक. काहींच्या पंख्याला पाच-सहा पिना असतात. जास्तीच्या पिनेवरून बोर्ड ओळखतो की पंखा लावलेला आहे का, आणि हवा तोच आहे का. बाजारातला चार पिनांचा पंखा लावला तर तो छान फिरतो आणि तरी ओळ येते. तिथे त्याच मॉडेलचा पंखा मागवलेला बरा.

मामा : आता तुझ्या अंदाजाची परीक्षा कशी घेणार?

भाची : अदलाबदल. वीज काढून संशयित पंखा मागच्या पंख्याच्या कनेक्टरला आणि मागचा सीपीयूच्या कनेक्टरला, फक्त एका सकाळपुरता, आणि रेंडर न लावता. उशीर पंख्याबरोबर तिकडे गेला तर दोष पंख्याचा. ओळ सीपीयूच्या कनेक्टरलाच चिकटून राहिली तर दोष बोर्डाचा. यात कूलर जागचा हलत नाही, पेस्टला धक्का नाही. तुमच्या लिबरेटरवाल्यांना चालेल एवढाच हात.

शेवटी मशीन उघडलं गेलं. मामांनीच सांगितल्याप्रमाणे : आधी मागची वायर काढून, मग उरलासुरला दाब उतरावा म्हणून पॉवरचं बटण काही सेकंद दाबून, आणि कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला हात लावून. कूलरच्या पत्र्यांच्या फटींत धुळीचा राखाडी थर होता, पण हवा अडेल इतका नव्हता. वायर कुठे अडकलेली नव्हती. कनेक्टर योग्य जागी होता. भाचीने पात्याला बोटाने टिचकी मारली. पातं जेमतेम अर्धी फेरी सरकलं आणि जागच्या जागी थांबलं. मागच्या पंख्याला तशीच टिचकी मारली तर तो चार-पाच फेऱ्या फिरून सावकाश थांबला. अदलाबदल करून दुसऱ्या दिवशी गार मशीन सुरू केलं. ओळ आली नाही. मागच्या बाजूला मात्र संशयित पंखा आधी नुसता थरथरला, दोन पाती सरकला, अडला, आणि मग कुठे त्याने वेग पकडला.

मामा : आता कळलं. सुरू होताना तुझा बोर्ड पूर्ण जोर देत नसणार, कमी वेगावर उठवत असणार. फिरत ठेवायला जोर कमी लागतो, उठवायला जास्त. मोटारीचा जुना नियम. मधलं स्टिकर सोल बघू.

स्टिकरखाली तेलाच्या जागी तपकिरी, चिकट किटण होतं.

मामा : शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब टाक. दहा वर्षं बघायला नको.

भाची : दहा आठवडे म्हणा. थेंबाने तेवढं निभेल, नवा पंखा येईपर्यंत टाकायला माझी हरकत नाही. पण किटण तिथेच राहणार, शाफ्ट झिजलेला तो झिजलेलाच, आणि सोललेलं स्टिकर पुन्हा नीट बसत नाही, तेल बाहेर येतं. गंज सोडवायचा स्प्रे तर मुळीच नको, तो उरलंसुरलं तेलही धुऊन टाकतो. पंखा काही शे रुपयांचा आहे. तपकीर गल्लीतल्या दुकानात जाऊन त्याच मापाचा, १२० मिलिमीटरचा, २५ जाडीचा, चार पिनांचा आणते. बसवताना वाऱ्याची दिशा तेवढी बघायची. चौकटीवर बाण असतो, आणि नसला तर स्टिकर आणि आडव्या दांड्या ज्या बाजूला, त्या बाजूने हवा बाहेर पडते.

मामा : ब्लोअरने फटीही मारून घे. पण पाती बोटाने धरून. वाऱ्याने पंखा भन्नाट फिरला तर बेअरिंग जातं आणि उलटी वीज बोर्डाकडे जाते.

भाची : हो. म्हणजे आता तुम्ही माझ्या पक्षात आलात.

मामा : अजिबात नाही. या वेळी तुझी ओळ खरी निघाली, एवढंच. आता मला सांग, समजा मध्यरात्री वीज गेली, यूपीएस संपला, पहाटे वीज आली. तू सेटिंग ठेवलंयस की वीज आल्यावर मशीन आपोआप सुरू व्हावं, आणि उरलेलं रेंडर पुढे न्यावं. मशीन उठलं, हजेरीला पंखा अर्धा सेकंद उशिरा बोलला, आणि तुझं मशीन काळ्या पडद्यावर एफ-वनची वाट बघत सकाळपर्यंत उभं. ऑफिसला कुलूप. घरून रिमोटने जोडायला जाशील तर विंडोजच आलेलं नाही. कोण दाबणार एफ-वन? अशा वेळी ती ओळ मशीन वाचवत नाही, काम बुडवते.

भाची : हे मात्र खरं आहे.

मामा : म्हणून मी म्हणत होतो, सेटअपमध्ये जाऊन ते पंखा बघणंच बंद कर. ‘इग्नोर’ लिहिलेलं असतं बघ.

भाची : इथेच आपली गल्लत होतेय. तिथे एक नाही, तीन वेगवेगळी सेटिंगं आहेत. पहिलं, पंख्याचा वेग मोजायचा की नाही. दुसरं, कितीच्या खाली गेला तर तक्रार करायची. तिसरं, तक्रार असली तर एफ-वनसाठी थांबायचं की पुढे जायचं. बऱ्याच बोर्डांवर तिसरं वेगळं बंद करता येतं. तुम्हाला त्रास होतोय तिसऱ्याचा, आणि बंद करताय पहिलं. इग्नोर केलं की पंखा उद्या खरोखर मेला तरी बोर्ड चकार शब्द काढणार नाही. शांत पंखेवाल्यांनी दुसरं बदलावं, मर्यादा सहाशेवरून दोनशेवर आणावी, तरीही शून्य झालं तर कळेलच. माझ्यासारखीने, जिचं मशीन एकटं असतं, तिने तिसरं बदलावं. पहिल्याला कुणीच हात लावू नये.

मामा : आणि न थांबता पुढे गेलेली तक्रार वाचणार कोण? ती ओळ चमकून जाईल, तू चहा घेत असशील. इतका वेळ मी म्हणत होतो थांबवू नका, आता मीच म्हणतो, जो अलार्म थांबवत नाही तो लोक वाचत नाहीत.

भाची : म्हणून मग दुसरा कान उघडा ठेवायचा. विंडोजमध्ये एचडब्ल्यूइन्फोसारखं सॉफ्टवेअर तापमान, पंख्याचे वेग आणि प्रोसेसरने वेग उतरवलाय का, तिन्ही दाखवतं. त्यात सूचना लावता येते : पंखा इतक्याच्या खाली किंवा तापमान इतक्याच्या वर गेलं की आवाज कर. लिनक्सवर एलएम-सेन्सर्स आहे. दारात अडवायचं नाही, पण आत लक्ष ठेवायचं.

मामा : महिनाभराने त्या आवाजालाही तू सरावशील.

भाची : शक्य आहे.

मामा : ऐक मग, शेवटचं सांगतो. आमच्याकडे एखादं सेफ्टी इंटरलॉक बायपास करायची वेळ यायची. प्रॉडक्शन अडलेलं असायचं, करावंच लागायचं. पण बायपास तोंडी कधी केला नाही. रजिस्टरमध्ये नोंद : काय बंद केलं, का केलं, कोणत्या तारखेपर्यंत, आणि तोपर्यंत लक्ष कोण ठेवणार. पॅनेलवर लाल टॅग. तारीख उलटली की एक तर दुरुस्त करायचं, नाहीतर पुन्हा सही करायची. बायपासपेक्षा विसरलेला बायपास वाईट. तू एफ-वन दाबायची सवय लावून घेतलीस तर तोही बायपासच, फक्त नोंद नसलेला.

भाची : हे तुम्ही पहिल्यांदाच सांगायचं ना!

मामा : पहिल्यांदा तू तिन्ही सेटिंगं वेगळी करून दाखवली नव्हतीस. आता असं कर. नवा पंखा बसव. एफ-वनची वाट बघणं बंद कर, मर्यादा आहे तशी ठेव. येत्या गुरुवारी वीज जाईल तेव्हा मशीन रात्रभर गार होऊ दे आणि शुक्रवारी सेटअपमध्ये जाऊन आकडा बघ. सुरू झाल्याबरोबर वेग दिसला तर पंखा पास. त्यानंतर कारण नसताना दर महिन्याला उघडून बसू नकोस, तिथे मी माझं म्हणणं सोडत नाही.

भाची : मान्य. कारण असलं तरच उघडेन.

मामा : आणि साइड पॅनलच्या आत एक कागद चिकटव. एफ-वन बंद केलं त्याची तारीख, नव्या पंख्याची तारीख, आणि तापमानाची सूचना वाजली की कोण उठणार त्याचं नाव.

भाची : नाव कशाला? ऑफिसात मी एकटीच आहे.

मामा : उद्या हाताखाली दोन पोरं घेशील, तेव्हा तिघांपैकी प्रत्येकाला वाटेल दुसरा बघेल. आत्ताच लिही.